रक्त सुधारलं, मग खुबा दुखायला लागला

माझं बोन मॅरो ट्रान्सप्लांट २०१७ साली मुंबईला झालं. आजार ब्लड कॅन्सरचा, एएमएल. मॅरो माझ्या सख्ख्या धाकट्या भावानं दिला. त्या आजाराबद्दल लोक अजूनही विचारतात आणि मी सांगते. पण त्यानंतर दोन वर्षांनी हाडांचं जे सुरू झालं त्याबद्दल कुणी विचारत नाही, कारण असं काही होतं हेच कुणाला माहीत नसतं. आमच्या केळापूर तालुक्यातून, घाटंजी-वणीकडून माणसं ट्रान्सप्लांटसाठी नागपूर-मुंबईला जातात, रक्त ठीक करून गावी येतात, आणि मग त्यांच्या हाडांकडे बघणारं जवळपास कुणी नसतं. त्यांच्यासाठी आणि त्यांच्या घरच्यांसाठी हे लिहिते आहे.

आधी स्टेरॉइडबद्दल, कारण सगळं तिथून सुरू होतं आणि स्टेरॉइडला शिव्या देणं फार सोपं आहे. ट्रान्सप्लांटनंतर वर्षाच्या आत मला क्रॉनिक जीव्हीएचडी झाला. म्हणजे भावाकडून आलेल्या पेशी माझ्या शरीराला परकं समजून त्याच्यावरच उठल्या. तोंड इतकं आलं होतं की भाकरीचा तुकडा वरणात भिजवून गिळावा लागे. डोळे कोरडे पडून सारखे खुपत, मनगटांजवळची कातडी ताठ झाली. यावर पहिलं औषध प्रेडनिसोलोन, म्हणजे स्टेरॉइडच. वजनाच्या दर किलोला एक मिलिग्रॅम या हिशेबानं मला रोज पन्नासच्या आसपास डोस होता, सोबत प्रतिकारशक्ती दाबणारं टॅक्रोलिमस. महिन्याभरात मी पोटभर जेवू लागले. चेहरा गोल झाला. गावातल्या बाया म्हणायच्या, "आता कशी सुधारली वं माय, गालावर मांस चढलं!" ती सूज होती. डोस कमी करायला गेलं की तोंड पुन्हा यायचं, म्हणून गोळी कमी-जास्त होत दीड वर्षाच्या वर चालली. त्या गोळीनं मला जगवलं. आज पुन्हा तशी वेळ आली तर मी ती पुन्हा घेईन. पण गोळी सुरू करतानाच कुणीतरी माझ्या हाडांची एक तपासणी करायला हवी होती. ती झाली नाही, याचं मला आजही वाईट वाटतं.

२०१९ ची दिवाळी झाली, कापसाची वेचणी जोरात होती. मी अंगणवाडी सेविका आहे. लेकरांची वजनं घेताना, खाऊ वाटताना दिवसभर उठबस असते. खालून उठताना उजव्या जांघेत अशी कळ यायची की भिंत धरून उभं राहावं लागे. कळ मांडीच्या पुढच्या बाजूनं उतरत गुडघ्यापर्यंत जायची. आपल्याकडे खुबा म्हटलं की लोक कमरेच्या बाजूला हात ठेवतात. खरा सांधा जांघेत खोल असतो, आणि त्याचं दुखणं जांघेत किंवा थेट गुडघ्यात जाणवतं. सासूबाई रोज रात्री माझ्या गुडघ्याला तेल चोळत होत्या. "काहून लंगडून राहिली वं?" असं रस्त्यात कुणीही विचारायचं.

तालुक्याला हाडांच्या डॉक्टरांकडे गेलो. आधी कमरेचा एक्स-रे झाला, मग गुडघ्याचा, शेवटी खुब्याचा. तिन्ही नॉर्मल. नस दबली असेल, असं सांगून त्यांनी दुखणं थांबवायचं इंजेक्शन आणि गोळ्या दिल्या. मी ट्रान्सप्लांटची फाइल पुढे केली तर ती बाजूला सारून म्हणाले, "ते रक्ताचं झालं, त्याचा पायाशी काय संबंध?" हे वाक्य मला अजून जसंच्या तसं आठवतं. शेजारच्या गावात एक जण वाताची पुडी देतो, ती घेतली की म्हणे म्हातारी माणसंही उठून चालतात. ती आणायचं घरात चाललं होतं, पण आमचे हे आडवे आले. पुढे डॉक्टरांकडून कळलं की अशा पुड्यांमध्ये पुष्कळदा स्टेरॉइडच कुटून घातलेलं असतं.

मुंबईच्या फॉलो-अपची तारीख आली तेव्हा मी त्या वेदनाशामक गोळ्यांचं पाकीट डॉक्टर मॅडमसमोर ठेवलं. त्यांनी आधी पाकीट हातात घेतलं आणि लगेच क्रिएटिनिन, म्हणजे किडनीची रक्ततपासणी, करायला सांगितलं. टॅक्रोलिमस चालू असताना डायक्लोफेनॅकसारख्या गोळ्यांनी किडनीवर दुहेरी भार येतो. माझं क्रिएटिनिन वाढलेलं निघालं. नंतर त्यांनी मला पाठीवर झोपवलं, उजवा गुडघा वाकवला आणि पाय हळूच आतल्या बाजूला वळवला. मी ओरडलेच. त्यांनी तिथेच चिठ्ठी लिहिली, दोन्ही खुब्यांचा एमआरआय. डावा खुबा दुखत नव्हता तरी दोन्ही. "एक्स-रेमध्ये सुरुवातीला काही दिसत नाही," त्या म्हणाल्या, "दिसायला लागेपर्यंत उशीर झालेला असतो."

एमआरआय आम्ही इकडे परत येऊन सेवाग्रामला केला. पैसे कापसाच्या चुकाऱ्यातून गेले. रिपोर्टमध्ये लिहून आलं, दोन्ही बाजूंना एव्हीएन, ॲव्हॅस्क्युलर नेक्रोसिस, म्हणजे रक्त न पोचल्यानं हाड मरणं. उजवीकडे खुब्याच्या हाडाचा गोळा खाली बसायला सुरुवात, डावीकडे आधीचा टप्पा.

नागपूरच्या हाडांच्या सर्जननी मला जे समजावलं ते इथे लिहिते, कारण मला तोवर कुणी असं समजावलं नव्हतं. मांडीच्या हाडाचं वरचं टोक गोल असतं आणि ते कमरेच्या वाटीत फिरतं. त्या गोळ्याला रक्त पुरवणाऱ्या नळ्या बारीक असतात, हाडाच्या मानेला लागून वर चढतात, आणि त्या बंद पडल्या तर दुसरी वाट जवळजवळ नसतेच. स्टेरॉइडमुळे हाडाच्या आतल्या मगजात चरबी वाढते, आतला दाब वाढतो, बारीक नळ्या तुंबतात. ट्रान्सप्लांटआधीची जोरदार केमो, कुणाला दिलेलं पूर्ण शरीराचं रेडिएशन, जीव्हीएचडी, यांचाही त्यात वाटा असतो. रक्त बंद झालं की तो भाग मरतो. मेलेलं हाड लगेच मोडत नाही, दुखतही नाही. चालता-चालता त्याला आतल्या आत बारीक भेगा पडत जातात आणि एक दिवस वरचं कवच खाली बसतं. गुलाबी अळीनं पोखरलेलं बोंड बाहेरून हिरवंगार दिसतं, तसं ते हाड एक्स-रेमध्ये बरेच महिने चांगलंच दिसतं. दुसऱ्याचा मॅरो घेतलेल्यांमध्ये हे ४ ते १९ टक्के लोकांना झाल्याचं वेगवेगळ्या अभ्यासांत आढळलं आहे. त्यात खुबा सगळ्यात जास्त वेळा, ८० टक्क्यांहून अधिक जणांत, आणि निम्म्याहून जास्त लोकांना दोन्ही बाजूंना. म्हणून दोन्ही खुब्यांचा एमआरआय.

पण नुसता खुबाच गेला होता असं नाही. सगळंच हाड विरळ झालं होतं. नागपूरला हाडाची घनता मोजणारा डेक्सा स्कॅन झाला. मणक्याचा टी-स्कोअर उणे २.५ च्या खाली, म्हणजे ऑस्टिओपोरोसिस. तेव्हा मी तिशीची होते. ट्रान्सप्लांटनंतर हाडाची झीज पहिल्या सहा ते बारा महिन्यांत सगळ्यात वेगानं होते, हे मला तेव्हा कळलं, ते महिने उलटून गेल्यावर.

यातली एक गोष्ट बाया उघड बोलत नाहीत, म्हणून मी मुद्दाम लिहिते. केमोनंतर माझी पाळी गेली ती गेलीच. गावात कुणाला सांगितलं नाही, आईलाही उशिरा सांगितलं. मला वाटायचं एक लेक आहे, आजारातून वाचले, आता पाळीचं काय. पण बीजांडकोश बंद पडला की इस्ट्रोजेन संपतं, आणि हाडाला धरून ठेवणारं तेच असतं. पन्नाशीत जे व्हायचं ते ऐन तारुण्यात होतं आणि हाड त्याच वेगानं उतरतं. मुंबईच्या मॅडमनी मला स्त्रीरोगतज्ज्ञांकडे पाठवलं, हॉर्मोनच्या गोळ्या सुरू झाल्या. ज्यांची पाळी ट्रान्सप्लांटनंतर थांबली आहे त्यांनी लाजू नये, फॉलो-अपला हे पहिल्या पाच मिनिटांत सांगावं.

ड जीवनसत्त्वाचा रिपोर्ट पाहून आमचे हे म्हणाले, "आपल्याकडे एवढं ऊन असून कमी कसं?" मे महिन्यात आमच्याकडे पारा ४५ च्या पुढे जातो. पण मला ऊन वर्ज्य होतं, उन्हानं कातडीचा जीव्हीएचडी उसळतो. मी वर्षानुवर्षं पूर्ण बाह्यांचा ब्लाउज, स्कार्फ आणि छत्री घेऊन वावरले होते. शिवाय डॉक्टरांनी विचारलं, पाणी कुठलं पिता? आमच्या भागातल्या बोअरच्या पाण्यात फ्लोराइड आहे, लेकरांच्या दातांवरचे पिवळे-तपकिरी डाग मी अंगणवाडीत रोज बघते. फ्लोराइड हाडातही साठतं. बुरशीवरचं एक औषध, व्होरिकोनॅझोल, खूप दिवस चाललं तर त्यातूनही फ्लोराइड शरीरात जाऊन हाडं दुखतात. माझं ते औषध कधीच थांबलं होतं, पण पाणी आम्ही तेव्हापासून बदललं.

हाडाची झीज रोखणारं झोलेड्रोनिक अॅसिडचं इंजेक्शन ठरलं, शिरेतून सलाइनसारखं, वर्षातून एकदा. त्याआधी ड जीवनसत्त्व आणि कॅल्शियम भरून काढायचं, किडनी तपासायची, आणि दातांच्या डॉक्टरांकडे जाऊन किडके दात उरकून घ्यायचे. या औषधावर असताना दात काढला तर क्वचित जबड्याचं हाड भरून येत नाही. माझी एक दाढ काढायचीच होती, ती आधी काढली, जखम भरू दिली, मग इंजेक्शन. दुसऱ्या दिवशी ताप आला आणि अंग ठणकलं. तसं होईल हे आधी सांगितलं होतं म्हणून घरचे घाबरले नाहीत.

तिथल्या एका तरुण डॉक्टरांनी मला एक गोष्ट सांगितली, ती माझ्या मनात राहिली आहे. हाड सारखं नवं होत असतं. जुनं हाड खरवडून काढणाऱ्या पेशी रक्ताच्या कुळातल्या, त्या आता माझ्या भावाच्या आहेत. नवं हाड रचणाऱ्या पेशी मात्र अजून माझ्याच आहेत, त्या ट्रान्सप्लांटमध्ये बदलत नाहीत. घरी येऊन मी हे भावाला सांगितलं. तो कितीतरी वेळ बोललाच नाही, त्याला वाटलं आपल्या पेशींनीच ताईचं हाड खाल्लं. मग मी त्याला समजावलं की दोन्ही कामं लागतात, खरवडल्याशिवाय नवं बांधता येत नाही, आणि बिघाड केला तो औषधांनी आणि आजारानं. त्यालाही हे डॉक्टरांच्या तोंडून ऐकवावं म्हणून पुढच्या वेळी मी त्याला सोबत नेलं.

ऑपरेशनची तारीख मिळायची तेवढ्यात मार्च २०२० चं लॉकडाउन लागलं. तातडीची नसलेली ऑपरेशनं थांबली. उजवा खुबा त्या उन्हाळ्यात पूर्ण बसला. पाय आखूड झाला, कुस बदलता येईना. मी कोणाला दोष देत नाही, सगळ्यांवरच ती वेळ होती.

वाहतूक सुरू झाल्यावर आधी डाव्या पायाचं ऑपरेशन केलं. लोकांना याचं आश्चर्य वाटायचं. "दुखते उजवा अन् फाडला डावा?" डावा अजून वाचवण्यासारखा होता, उजवा वाचण्यापलीकडे गेला होता, म्हणून आधी डावा. याला कोअर डीकम्प्रेशन म्हणतात. मांडीच्या बाजूनं लहानसं छिद्र घेऊन मेलेल्या भागापर्यंत ड्रिलनं वाट करतात, आतला दाब उतरतो, नव्या रक्तवाहिन्यांना शिरायला जागा होते. गोळा गोल असेपर्यंतच याचा उपयोग. त्यानंतर काही आठवडे डाव्यावर पूर्ण भार द्यायचा नव्हता आणि उजवा तर भार घेतच नव्हता. ते आठवडे मी खाटेवर काढले. माझ्या जावेनं माझं सगळं केलं, बेडपॅनसकट. तिचे उपकार मी कसे फेडणार मला माहीत नाही.

उजवा खुबा २०२१ च्या सुरुवातीला बदलला. मदतीसाठी मुख्यमंत्री सहायता निधीला अर्ज केला होता, काही रक्कम मंजूर झाली, उरलेलं आम्ही उभं केलं. ऑपरेशनच्या आदल्या दिवशी रक्तपेढीतून बोलावणं आलं. माझ्या जुन्या कागदांवर गट ओ, आणि नमुना येतोय बी. ट्रान्सप्लांटनंतर माझा रक्तगट भावाचा झाला आहे, हे फाइलमधलं पान काढून दाखवावं लागलं. शिवाय माझ्यासारख्यांना रक्त द्यायचं तर ते रेडिएशन दिलेलं लागतं, हेही सांगावं लागलं. ट्रान्सप्लांट झालेल्यांनी या दोन गोष्टी एका कागदावर मोठ्या अक्षरात लिहून फाइलच्या पहिल्या पानावर लावाव्यात. भुलीच्या डॉक्टरांना स्टेरॉइडचा इतिहासही सांगायचा. बरेच महिने गोळी घेतलेल्याचं शरीर ऑपरेशनच्या ताणात स्वतःचं स्टेरॉइड पुरेसं बनवू शकत नाही, वरून द्यावं लागतं. याच कारणानं ही गोळी आपल्या मनानं एकदम बंद करायची नसते.

सर्जननी नंतर काढलेल्या गोळ्याचा फोटो मोबाइलवर दाखवला. वरचं गुळगुळीत पांढरं अस्तर एका बाजूनं सुरकुतून सुटलं होतं, चिमटीत धरून उचललं तर उचललं जात होतं. त्याखालचं हाड पिवळट, कोरडं, भुगा होत आलेलं. मी एवढी वर्षं त्याच्यावर चालत होते.

नवा सांधा सिमेंटशिवायचा आहे, वर सिरॅमिकचा गोळा. पंधरा-वीस वर्षं सहज, कदाचित जास्त, असं सांगितलं. माझं वय पाहता आयुष्यात पुन्हा एकदा बदलावा लागेल, हे मी धरून चालते. दुसऱ्याच दिवशी वॉकर देऊन उभं केलं. जांघेतली ती कळ नव्हती. टाक्यांचं दुखणं होतं, पण ती कळ गेली होती, आणि मी तिथे रडले.

घरी खरी अडचण संडासाची. आमच्याकडे भारतीय पद्धतीचा संडास, आणि मला उकिडवं बसायचं नाही, मांडी घालायची नाही, पायावर पाय टाकायचा नाही. आधी भोकाची प्लॅस्टिकची खुर्ची वर ठेवून भागवलं, पुढे कमोड बसवून घेतला. हे ऑपरेशनच्या आधी करून ठेवावं. खाटेची उंची विटा लावून वाढवली. स्वयंपाक ओट्यावर. फिजिओथेरपीच्या मॅडमनी पायऱ्यांचं शिकवलं, चढताना आधी चांगला पाय, उतरताना आधी ऑपरेशनचा. एसटीची पहिली पायरी आमच्या रस्त्यांवर फार उंच पडते, त्यामुळे कंडक्टरला सांगून बस कडेच्या उंचवट्याला लावून घ्यावी लागते. बहुतेक जण ऐकतात. अंगणवाडीत मी आता खुर्चीवर बसते, लेकरं भोवती बसतात, मदतनीस ताई खालचं करतात. पंगतीत मात्र अजून अवघडायला होतं. सगळे खाली आणि मी एकटी खुर्चीवर, हातात ताट.

कोरोनाच्या दुसऱ्या लाटेनंतर आमच्याकडेही स्टेरॉइड घेतलेल्या काही माणसांचे खुबे गेले, आणि एव्हीएन हा शब्द पानठेल्यावर पोचला. त्यातले दोघं माझ्याकडे विचारायला आले होते. तोवर मला वाटायचं हे माझ्यापुरतंच आहे.

डावा खुबा अजून टिकून आहे. त्याचा ठरावीक काळानं फोटो निघतो, डेक्सा होतो, स्टेरॉइड पूर्ण बंद झालं आहे. तिळाची चटणी, दूध, रोजचं चालणं, कॅल्शियमची गोळी चालू आहे.

मागच्या उन्हाळ्यात घाटंजीकडचे एक जण मुलीला घेऊन आले. मुलीला सिकलसेल होता, म्हणून ट्रान्सप्लांट झालं. सिकलसेलमध्ये खुबा तसाही जाऊ शकतो, वर ट्रान्सप्लांटनंतरचं स्टेरॉइड. वडील म्हणाले, "गुडघा दुखते म्हणते, फोटोत काही नाही." मी तिला खाटेवर झोपवून काही तपासलं नाही, ते माझं काम नाही. फक्त जांघेत दुखतं का विचारलं, ती हो म्हणाली, आणि तिच्या फाइलवर ट्रान्सप्लांटच्या डॉक्टरांचा नंबर होता तो त्यांना तिथूनच लावायला सांगितला. एमआरआयमध्ये उजवीकडे सुरुवात निघाली, गोळा अजून गोल आहे. तिचं कोअर डीकम्प्रेशन झालं. सध्या ती कुबड्यांवर आहे, आणि दहावीच्या परीक्षेला तळमजल्यावरची खोली मिळावी म्हणून वडिलांनी शाळेत अर्ज दिला आहे.